नाव ठेवण्यापूर्वी

आश्विन लागला की आमच्या घरात झाडूचे राज्य सुरू होते. लांब काठीच्या टोकाला केरसुणी बांधली जाते, माळ्यावरची भांडी खाली येतात आणि गृहस्वामी या पदवीस पात्र असलेला मनुष्य आपल्याच घरात पाय ठेवण्यास जागा शोधू लागतो. यंदाही तसेच घडले. आम्ही वर्तमानपत्र उघडून बसलो होतो, तोच आतून आज्ञा आली, "अहो, त्या खिडकीपाशी करोळिया बसलाय, तो आधी झटका. मग चहा." सुरतेत तीस वर्षे संसार केल्यावर मराठी घरातही कोळ्याचा करोळिया होतो, त्याचे आम्हास नवल नाही. आम्ही उठलो, परंतु काठी घेतली नाही. खिशातून भिंग काढले. चहा त्या दिवशी उशिरा मिळाला.

सुरतकरांस झाडूची महती सांगावयास नको. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीने हे शहर कसे ओस पडले होते आणि त्यानंतर त्याने स्वच्छतेचा कसा ध्यास घेतला, हे येथील प्रत्येक मराठी घराने पाहिले आहे. तेव्हा कोपऱ्यातील जळमटे अवश्य काढावीत, त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु आमच्या खिडकीपाशी बसलेल्या प्राण्याचा त्या जळमटांशी काडीचाही संबंध नव्हता. तो जाळे विणतच नाही. तो उडी मारणारा कोळी. शास्त्रज्ञ त्याच्या कुळास 'साल्टिसिडी' म्हणतात, आणि त्या शब्दाच्या मुळाशी उडी या अर्थाचाच लॅटिन शब्द आहे. जगात या कुळातील सहा हजारांहून अधिक जाती ठाऊक झाल्या आहेत. कोळ्यांच्या सर्व कुळांत हे सर्वांत मोठे कुळ होय.

मराठीत कोळ्यास कोष्टी असेही म्हणतात. विणकरांच्या या नगरीत तो शब्द आम्हास फार गोड वाटतो. पण हा कोष्टी विणकाम सोडून शिकारीच्या मागे लागलेला आहे. दिवसाढवळ्या भिंतीवर हिंडावे, माशी किंवा डास दिसताच मांजरासारखे दबकत जावे आणि झेप घालावी, हा त्याचा धर्म. सूत मात्र त्याने टाकलेले नाही. झेप घेण्यापूर्वी तो भिंतीला रेशमाचा एक तंतू चिकटवतो. झेप चुकली तर त्याच तंतूला लोंबकळून परत येतो. रात्री निजण्यासाठी एखाद्या फटीत रेशमाची लहानशी पिशवीही करतो. आणि झेपेचे नवल असे की, पाय लांब करण्यासाठी कोळ्याच्या पायांच्या मुख्य सांध्यांत स्नायूच नसतात. अंगातील रक्तासारख्या द्रवाचा दाब एकदम वाढवून तो मागचे पाय ताणतो आणि स्वतःस फेकून देतो.

अशा निरुपद्रवी प्राण्याचा आपल्याकडे एवढा धसका का, याचा विचार करता आम्हास एक कारण भाषेतच सापडले. अंगावर जे पांढरे चट्टे उठतात, ज्यांस आपण शिबे म्हणतो, त्यांस गुजरातीत 'करोळिया' असेच नाव आहे. नाव एक, म्हणून कारणही एक, असे लोकांनी धरले. वास्तविक ते चट्टे एका बुरशीमुळे उठतात; कोळ्याचा त्यात कोणताच अपराध नाही. परंतु एकदा चिकटलेले नाव सुटत नाही, आणि त्या नावापायी आमच्या शाळेतील मुलांनी कित्येक कोळी चपलेखाली चिरडले असतील. चुकीच्या नावाने काय होते ते आम्ही असे पाहत होतो. पुढे आम्हीच एक चुकीचे नाव लिहून बसू, याची मात्र आम्हास कल्पना नव्हती.

त्याचे असे झाले. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. रामन परिणामाची घोषणा १९२८ साली त्या तारखेस झाली, म्हणून तो पाळतात. गेल्या वर्षी शाळेच्या प्रदर्शनात दरवर्षीच्या ज्वालामुखीऐवजी काही निराळे करावे, अशी इच्छा झाली. खर्चास पैसे नव्हते. आमचे एक पालक हिऱ्याच्या कारखान्यात काम करतात; त्यांनी हिरा पारखण्याचे आपले जुने दहापट भिंग शाळेस दिले. मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढे ते भिंग चिकटपट्टीने बसवले, आणि सूक्ष्म छायाचित्रणाचे आमचे यंत्र सिद्ध झाले!

यंत्र स्वस्त असले तरी विद्या स्वस्त नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळले. अशा भिंगातून छायाचित्र घ्यावयाचे तर कॅमेरा प्राण्यापासून जेमतेम इंचभर अंतरावर न्यावा लागतो. तेवढ्या जवळून चित्राचा जो भाग सुस्पष्ट येतो, त्याची खोली एखाद्या मिलिमीटरच्या आसपास असते. डोळे स्पष्ट आले तर पाठ धूसर, पाठ साधली तर डोळे गेले. हात कापला की सर्वच गेले. श्वास रोखून, कोपर भिंतीला टेकवून, कॅमेरा केसभर पुढे-मागे करीत वीस चित्रे घ्यावीत, तेव्हा एक कामास येते. प्रकाशाचीही तीच कथा. मोबाईलचा दिवा थेट टाकला तर कोळ्याचे तुकतुकीत अंग पांढरे फटक दिसते आणि खरे रंग मारले जातात. मुलांनी यावर सुरती उपाय काढला. पांढऱ्या जॉर्जेटचा साडीचा तुकडा दुहेरी करून दिव्यापुढे धरला, आणि उजेड चांदण्यासारखा मऊ झाला. कोळी हलू नये म्हणून त्यास शीतकपाटात ठेवून गारठवण्याची रीत काही लोक पाळतात. आम्ही मुलांस ती करू दिली नाही. पाहुण्याचे चित्र घ्यावयाचे तर त्यास बेशुद्ध करून घेऊ नये, एवढी सभ्यता असावी.

आणि पाहुणाही मोठा चौकस. बाकीचे कीटक कॅमेरा पाहताच पळतात. हा वळून आपल्याकडे पाहतो. त्यास आठ डोळे; पैकी समोरचे दोन मोठे, मोटारीच्या दिव्यांसारखे. जे मूल काल चप्पल उगारीत होते, ते त्या दोन डोळ्यांत स्वतःचे प्रतिबिंब पाहून "सर, तो मला बघतोय" असे कुजबुजले, तेव्हा प्रदर्शनाचे अर्धे काम झाले असे आम्हास वाटले.

महिनाभरात बारा चित्रे जमली. भिंतीच्याच रंगाचा, चपटा, राखी 'मेनेमेरस बायव्हिटॅटस' मिळाला. पोटाच्या सुरुवातीस पांढऱ्या चंद्रकोरीसारखा पट्टा असलेला काळा 'हसारियस अडॅन्सोनी' शाळेच्या कार्यालयातच भेटला. आवारातील आंब्यावर पानांची घरे शिवणारे तांबडे मुंगळे आहेत. त्यांच्या रांगेजवळ एक मुंगळा जरा एकटा हिंडत होता. चित्र मोठे करून मुलांनी पाय मोजले, ते आठ भरले. मुंगळ्याचे सोंग घेतलेला तो कोळीच होता, 'मिर्माप्लाटा प्लाटालिऑइडिस'. पुढचे दोन पाय मिशांसारखे हलवून सहा पायांचे नाटक तो हुबेहूब वठवतो. बहुरूप्याचे हे सोंग उघडकीस आले तेव्हा वर्गात टाळ्या पडल्या.

प्रत्येक चित्राखाली नावाची चिठ्ठी लावणे हे काम आम्ही स्वतःकडे घेतले. मुख्याध्यापकाचे अक्षर आणि मुख्याध्यापकाचा शब्द! चित्र क्रमांक ४ मध्ये काळ्याभोर अंगावर मधोमध पांढरा पट्टा असलेला कोळी होता. त्यास आम्ही 'प्लेक्सिपस पेकुली' असे लिहिले. चित्र क्रमांक ५ मधील कोळी तपकिरी, अंगाने थोडा स्थूल, पट्टा फिकट. त्यास आम्ही पुस्तकातील एका चित्राशी ताडून निराळ्याच जातीचे नाव दिले. दोन रंग, दोन जाती, असा आमचा सरळ हिशेब.

प्रदर्शनाच्या दिवशी सातवीतला एक मुलगा त्या चित्रांपुढे बराच वेळ उभा होता. वडील लूमवर कामास, घर लिंबायतच्या बाजूस, मूळ गाव खानदेशात. तो हळूच आमच्यापाशी येऊन म्हणाला, "सर, ही दोन नावं नाहीत. हे दोघं एकच आहेत. आमच्या नळाच्या भिंतीवर असतात. काळा त्या तपकिरीसमोर पुढचे पाय वर करून नाचतो. एकदा नाही, पुष्कळदा पाहिलंय."

पाहुणे उभे होते. आम्ही काय बोललो ते लिहिताना आजही लेखणी अडते. "नाचला म्हणून नवरा-बायको झाले का रे? आधी पुस्तक पाहावे, मग बोलावे," असे आम्ही म्हणालो. पाहुणे हसले. मुलगा खाली पाहून निघून गेला. त्यानंतर प्रदर्शनाच्या टेबलाजवळ तो फिरकला नाही, आणि वर्गातही प्रश्न विचारीनासा झाला, असे त्याच्या वर्गशिक्षिकेने आम्हास दोन आठवड्यांनी सांगितले.

तिच्या बोलण्याने आम्हास स्वस्थता राहिली नाही. ती दोन चित्रे आम्ही कोळ्यांचा अभ्यास करणाऱ्या एका संशोधकांकडे पाठवली. त्यांचे उत्तर सौम्य होते, पण ते वाचताना कान तापले. चित्र ४ मधील कोळी प्लेक्सिपस पेकुलीचा नर असल्याचे त्यांनी लिहिले होते. चित्र ५ ही बहुधा त्याच जातीची मादी; परंतु केवळ पाठीच्या चित्रावरून याहून अधिक खात्रीने सांगता येणार नाही, असेही पुढे होते. मुलाचे म्हणणे खरे होते. त्याने पुस्तक पाहिले नव्हते, पण कोळी पाहिला होता. आम्ही पुस्तक पाहिले होते, आणि तेही अर्धवट.

त्या उत्तरातील 'बहुधा' या शब्दाने आम्हास पुष्कळ शिकवले. कोळ्याची जात रंगावरून ठरत नाही. नर आणि मादी यांचे रंग निराळे, पिल्लांचे आणखी निराळे, आणि एकाच जातीतही फरक पडतात. मग शास्त्रज्ञ पाहतात काय? तोंडाच्या दोन्ही बाजूंस आखूड पायासारखे दोन अवयव असतात. त्यांस आपण स्पर्शपाद म्हणू. प्रौढ नरात त्यांची टोके मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यांप्रमाणे फुगीर होतात. त्या टोकांची घडण जातीजातीत वेगळी असते. प्रौढ मादीच्या पोटाखाली जननरंध्रापाशी एक कठीण तबकडी असते. तिचीही घडण अशीच वेगवेगळी. या दोन गोष्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून अनेक जातींचे निश्चित नाव सांगताच येत नाही. वरून घेतलेले सुंदर छायाचित्र पुष्कळदा वंशापर्यंत नेऊन सोडते. पुढे जाण्याचा परवाना त्यास नसतो. काही जाती मात्र इतक्या ठसठशीत की छायाचित्रावरूनही ओळखता येतात. कोणत्या ओळखता येतात आणि कोणत्या नाहीत, एवढे ज्याला कळले, त्याला ओळखण्याची विद्या निम्मी आली.

कोळ्यांस शास्त्रीय नावे देण्याचा इतिहासही जुना. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा आरंभ लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून धरतात. अपवाद फक्त कोळ्यांचा. कार्ल क्लर्क या स्वीडिश अभ्यासकाने १७५७ साली आपल्या देशातील कोळ्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यातील नावे आजही ग्राह्य मानतात. आमच्या भिंतीवरील पेकुली आणि अडॅन्सोनी ही दोन्ही नावे १८२६ सालची. मनुष्य अडीचशेहून अधिक वर्षे नावे देत आला आहे, आणि तरीही आपल्या अंगणातील कोळी अद्याप संपलेले नाहीत.

याचे एक उदाहरण प्रत्येक मराठी माणसाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर मुंबई पोलिसांतील तुकाराम ओंबळे यांनी नुसत्या हातांनी दहशतवाद्याची बंदूक धरून ठेवली. गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही. त्यांच्यामुळे तो जिवंत हाती लागला. ओंबळे यांस मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. पुढे ठाणे-कल्याण परिसरात उडी मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात आढळली, आणि २०२१ साली तिला 'इसियस तुकारामी' हे नाव देण्यात आले. ते देणाऱ्यांत गुजरातचे ध्रुव प्रजापती होते आणि महाराष्ट्रातील राजेश सानप व सोमनाथ कुंभार होते. जॉन कॅलेब हेही त्यांच्यासमवेत होते. महाराष्ट्रात सापडलेला कोळी, मराठी वीराचे नाव आणि ते ठेवण्यात गुजरातचा हात! आपल्यासारख्या, एक पाय तापीकाठी आणि एक मन गोदाकाठी ठेवून जगणाऱ्यांस याहून मोठा आनंद कोणता? पण ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, ते नाव भिंतीवरील चित्र पाहून घाईने चिकटवलेले नाही. नमुने तपासून, अवयवांची चित्रे काढून, पूर्वीच्या जातींशी ताडून मग ते दिले गेले. शूराचे नाव द्यावयाचे तर ते पुढे खोडावे लागू नये, एवढी काळजी नको का?

मराठीत 'नाव ठेवणे' म्हणजे नामकरण करणे, आणि 'नावे ठेवणे' म्हणजे दोष काढणे. त्या विज्ञान दिनी आम्ही कोळ्याचे नाव ठेवले आणि पोराला नावे ठेवली. दोन्ही चुकीची. पहिली चूक चिठ्ठी बदलून सुधारता येत होती. दुसरीस उपाय एकच होता.

पुढच्या सोमवारी प्रार्थनेनंतर सर्व शाळेपुढे आम्ही संशोधकांचे उत्तर वाचून दाखवले. "आमची चिठ्ठी चुकली होती. याचे बरोबर होते. त्या दिवशी आम्ही याचे ऐकून घ्यावयास हवे होते," असे म्हणून त्या मुलास पुढे बोलावले. तीस वर्षे नोकरी केल्यावर हे चार शब्द बोलताना घसा कोरडा पडतो, हे आम्ही प्रांजळपणे नमूद करतो. नव्या चिठ्ठ्या त्यानेच लिहाव्यात असे आम्ही सांगितले. क्रमांक ४ खाली त्याने लिहिले, 'नर'. क्रमांक ५ खाली 'मादी' लिहून तो थांबला. मग विचारले, "सर, त्यांनी बहुधा लिहिलंय ना? मग आपणही कंसात बहुधा लिहायचं ना?"

आम्ही म्हणालो, "लिही."

वर्गात तो आता पूर्वीसारखा बोलतो का? एकदम नाही. मोडलेली भीड महिन्यात बसत नाही, तसा मोडलेला विश्वासही नाही. पण श्रावणात एकदा तो मधल्या सुटीत कार्यालयाच्या दाराशी आला आणि भिंग मागून घेऊन गेला. आम्ही कशासाठी हे विचारले नाही.

जाता जाता याच कोळ्यांविषयी एक शोध सांगतो, कारण तो आम्हास उद्देशून लागला असावा असे वाटते. आमच्या कार्यालयात भेटलेल्या त्या हसारियस अडॅन्सोनीवर जपानी संशोधकांनी प्रयोग करून २०१२ साली असे दाखवले की, त्याच्या मोठ्या डोळ्यांतील पडद्याचे चार थर असतात. हिरवा प्रकाश एका थरावर स्पष्ट पडतो आणि शेजारच्या थरावर धूसर. ही धूसरता किती, यावरून तो भक्ष्याचे अंतर ताडतो. केवळ तांबड्या प्रकाशात त्यास ठेवले, तेव्हा त्याच्या झेपा तोकड्या पडल्या. म्हणजे पाहा, चित्रातील ज्या धूसरपणावर आम्ही महिनाभर चरफडलो, त्याच धूसरपणाच्या आधारावर हा इवलासा जीव आपली झेप मोजतो. स्पष्ट काय दिसते आणि अस्पष्ट काय, हे दोन्ही त्यास एकदम ठाऊक असते. आम्हास पहिले ठाऊक होते, दुसरे नव्हते. म्हणून आमची झेप तोकडी पडली.

वाचकहो, दिवाळीची झाडझूड आता तुमच्याही घरी निघाली असेल. जळमटे खुशाल काढा. पण भिंतीवर एखादा कोळी वळून तुमच्याकडे पाहू लागला, तर काठी क्षणभर बाजूस ठेवा. घरात मूल असेल तर त्यास हाक मारा. मोबाईल असतोच, वरून एक, समोरून एक, बाजूने एक, अशी तीन चित्रे घ्या. तारीख लिहा, जागा लिहा, तो काय करीत होता ते लिहा. नाव ठाऊक नसेल तर 'नाव ठाऊक नाही' असेच लिहा. त्यात कमीपणा नाही. आणि मूल काही सांगू लागले, तर ते पुरते ऐकून घ्या.

आमच्या खिडकीपाशी बसलेली ती बहुधा मादी होती. ती अद्याप तेथेच आहे. सौभाग्यवतींनी तेवढा कोपरा झाडावयाचा ठेवला आहे.